चिखलाची चव

एकदा एक सायकलपटू मुलगी हातातली लहानशी पुडी नाचवत आपल्या वस्तादांकडे आली. दुसऱ्याच दिवशी घाटात डोंगरी सायकलींची शर्यत होती आणि पहिल्या तिघींची निवड राज्याच्या संघात होणार होती. गेल्या वर्षी याच शर्यतीत, भर पावसात, शेवटच्या उतारावर तिचे ब्रेक संपले होते. दरीकाठच्या वळणावर जीव वाचवण्यासाठी तिने सायकल मुद्दाम झुडपांत घातली आणि मोडलेला हात घेऊन कित्येक महिने घरी बसली. म्हणून यंदा ती नुसती पेटून उठली होती!

"वस्ताद, या वेळी सगळ्यात भारी पॅड आणलेत! दुकानात चाक फिरवून पाहिलं. इतके मऊ, की जरासुद्धा आवाज नाही. दाबलं की चाक जागच्या जागी!"

पॅड म्हणजे ब्रेक दाबताच चाकाच्या पोलादी चकतीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चपट्या वड्या. वस्तादांचे उभे आयुष्य त्या बदलण्यात गेले होते. त्यांनी पुडी उघडलीसुद्धा नाही. छत्री घेतली आणि म्हणाले, "चल, तुझ्या त्या गेल्या वर्षीच्या वळणावर जाऊन येऊ."

पाऊस धो धो कोसळत होता. चिखल तुडवत दोघे वळणावर पोहोचले. आणि तिथे या सत्तरीच्या ज्ञानवृद्ध गृहस्थांनी काय करावे? खाली वाकून चिमूटभर लाल चिखल उचलला आणि सरळ तोंडात टाकला!

"शी! वस्ताद, अहो, काय करताय हे?"

"तूही घे. गिळू नकोस, नुसता चावून बघ."

गुरूची आज्ञा! तिने डोळे घट्ट मिटून चिमूट तोंडात टाकली, चावली, आणि लगेच थू थू करू लागली. दाताखाली अशी कचकच झाली की तिच्या अंगावर काटाच आला.

वस्तादांनी पावसाच्या पाण्याने चूळ भरली. "ही कचकच म्हणजे दगडाचा चुरा. पाण्याबरोबर तो पॅड आणि चकतीच्या मध्ये शिरतो आणि कानशीसारखा घासतो. तुझे मऊ पॅड वाईट नाहीत. कोरड्या वाटेवर मीही तेच घालीन. पण इथे ते अर्ध्या उतारात झिजतील, गेल्या वर्षी झिजले तसेच. या चिखलाला धातूची भुकटी दाबून, भाजून केलेले पॅड हवेत. ते ओले झाले की किंचाळतील, गार असताना जरा उशिरा धरतील, पण शेवटपर्यंत साथ देतील. पोरी, तू दुकानाच्या फरशीवर पॅड निवडलेस. शर्यत काही फरशीवर नाही."

ती तडक दुकानात गेली आणि पॅड बदलून आणले. तिच्या सायकलच्या चकतीला धातूचे पॅड चालतात, हे वस्तादांनी आधी तपासले आणि मगच ते बसवले. नव्या पॅडची चकतीशी घडी बसावी म्हणून त्यांनी तिला सपाटीवर तीस वेळा वेग घ्यायला आणि दर वेळी चाक न अडकवता हळू व्हायला लावले. तिची बोटे आखडून गेली.

आणि शर्यत! काय सांगू ती शर्यत! शेवटच्या उताराच्या तोंडाशी ती चौथी होती. ब्रेक असे केकाटत होते की कडेचे लोक कानांवर हात ठेवून हसू लागले. हसोत बापडे! वळण आले. पुढच्या मुलीचा ब्रेक दाबूनही लागेना, ती पाय घासत कशीबशी थांबली. आमच्या शिष्येने दोन बोटांनी ब्रेक ओढला. सायकल किंचाळली, आणि थरथरत का होईना, आज्ञाधारकपणे वळली! ती तिसरी आली. संघात निवड झाली!

मागे पडलेली ती मुलगी थोड्या वेळाने जवळ आली. डोळे पुसून म्हणाली, "ताई, पुढच्या महिन्यात आमच्या गावी शर्यत आहे. तुझ्यासारखेच पॅड घेऊ ना?"

"हो, हेच घे!" असे शब्द शिष्येच्या अगदी ओठांवर आले होते. पण ती थांबली.

"आधी मला सांग," ती म्हणाली, "तुमच्याकडची वाट कशी आहे?"

वस्ताद शेजारीच उकिडवे बसून चाक पुसत होते. त्यांचा हात क्षणभर थांबला. निवडीची बातमी ऐकून ते हसले होते, पण त्यांचे डोळे भरून आले ते आत्ता.