पाठमोऱ्या न्यायाची गोष्ट

एका रानात एक सिंह होता. सिंहाला आयाळ होती आणि आयाळीत मंत्रिमंडळ राहत होतं. राज्य म्हटलं की न्यायालयही दाखवावं लागतं, म्हणून गुहेसमोर एक सपाट शिळा ठेवली होती. न्यायाधीशाने गुहेकडे पाठ करूनच तिच्यावर बसायचं, असा रिवाज होता. राजाचा चेहरा दिसला की निकाल बदलतो, हे जुन्या जनावरांना अनुभवाने ठाऊक होतं.

त्याच रानात भागू नावाची कासवीण होती. तळ्याकाठच्या वाळूत ती अंडी घालायची. एके दिवशी तिथे मगरोजी येऊन पसरला. निवडणुकीत त्याने सिंहाच्या पक्षाला मासे पुरवले होते, त्यामुळे तळं आपलंच, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. भागूने फिर्याद केली. वाळू गेली तर पिल्लं कुठे व्हायची, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तेव्हा शिळेवर हत्तीअण्णा होते. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "तळं सगळ्यांचं, वाळू भागूची. मगरोजी, ऊठ."

रान आनंदलं. सिंह तर इतका आनंदला, की त्याने अण्णांना तिथल्या तिथे बढती देऊन पाणी नसलेल्या डोंगरावर मुख्य न्यायाधीश म्हणून पाठवलं. त्यांच्या जागी सांबरशास्त्री आले आणि त्यांनी आल्या आल्या निकालाला स्थगिती दिली.

शास्त्रीबुवा विद्वान होते, पण गुहेत कुणी नुसती जांभई दिली तरी त्यांची शेपटी थरथरायची आणि पुढची तारीख पडायची. भागू यायची, तारीख घ्यायची, घराकडे निघायची आणि निम्म्या वाटेवरूनच पुढच्या तारखेसाठी मागे वळायची. त्या वर्षी अंडी घालायची वेळ आली तीही वाटेतच. दुसऱ्या दिवशी त्या वाटेने रानडुकरांची 'न्याय दारोदारी' ही प्रचारफेरी गेली. टरफलं गोळा करताना भागू हमसून हमसून रडली. फेरी यशस्वी झाल्याचं जाहीर झालं.

मग एकदा सिंहाला शिंक आली आणि शास्त्रीबुवा कायमचे पळाले. आता रिवाजही मोडायला नको आणि महाराजांचं मनही मोडायला नको, असा न्यायाधीश हवा होता. तो मिळाला. दिवाभीतराव घुबड शिळेवर आले, गुहेकडे पाठ करून व्यवस्थित बसले आणि मग त्यांनी सावकाश मान फिरवून तोंड थेट गुहेकडे केलं. अंग तसूभर हललं नाही.

"रिवाज पाळला!" वकील कोल्हे ओरडले. "रिवाजात पाठ आहे, मानेचा उल्लेखच नाही!"

सिंह गुहेबाहेर येऊन बोलला, "माझ्या रानवासीयांनो! आपली न्यायव्यवस्था संपूर्ण स्वतंत्र आहे. तिने माझ्याकडे पाठ फिरवली आहे, हे तुम्हीच बघा!" टाळ्या पडल्या. मेंढरांना पुन्हा टाळ्या वाजवायला सांगण्यात आलं.

भागू शिळेपुढे उभी राहिली. "सायेब, जरा हिकडं बघा की. म्या हिकडनं बोलतीया."

"ऐकतोय," दिवाभीतराव गुहेकडे बघत म्हणाले. "न्यायाला कान पुरतात."

"वाळू माजी हाय, सायेब. यंदा तरी पिल्लं जगू द्या."

मोठ्या सुनावणीनंतर निकाल आला. वाळू भागूचीच आहे. मगरोजीने ती बळकावणं संपूर्ण बेकायदा होतं. त्याला वाट करून देणारे सिंहाचे कारभारीही चुकले होते. न्यायालय या सगळ्याचा अत्यंत कडक शब्दांत निषेध करत होतं.

भागूच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग उठवा की त्याला!"

"ते आता शक्य नाही," दिवाभीतराव म्हणाले. "तो बसला आहे ना."

सगळ्यांनी भागूचं अभिनंदन केलं. कोल्ह्यांनी तिला ऐतिहासिक विजयाची माळ घातली. माळ घेऊनच ती तळ्याकडे निघाली. पोटातली अंडी निकालासाठी थांबणारी नव्हती.

ती पोचेपर्यंत दिवाभीतराव निवृत्त झाले होते. वाळूवर त्यांच्यासाठी बंगला उभा होता, आणि भिंतीवरचं शेवाळ सांगत होतं की तो सुनावणी सुरू असतानाच बांधून झाला होता.