कप येईस्तोवर गुलाल नाही

“अजून चान्स हाय का आपला? येवढंच सांगा, वस्ताद. हाय म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा.”

दस्तगीर वस्ताद आखाड्यातली तांबडी माती खोऱ्यानं उलटीपालटी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कसला चान्स?”

“कपाचा.”

“व्हय... कपाचा.”

त्यांनी मातीत थोडं ताक ओतलं आणि पुन्हा खोरं चालवू लागले.

विचारणारा रणधीर इंगवले. जुना हौद तालमीच्या फुटबॉल संघाचा कर्णधार. प्रशिक्षकही तोच, कारण दुसऱ्या कुणाचं सांगणं त्याला पटत नसे. कोल्हापुरात फुटबॉल तालमीच्या नावानं खेळतात, म्हणून जन्मात चेंडूला पाय न लावलेला कुस्तीचा वस्ताद फुटबॉलवाल्यांचाही वस्ताद होऊन बसतो. वस्तादांची त्याला हरकत नव्हती. मॅचला ते जात नसत. पोरं पाया पडायला आली की एवढंच विचारत, “जेवलास काय?”

“वस्ताद, मी सगळा इचार केलाय,” रणधीर म्हणाला. “आपल्यासारखा बचाव आजबी कुणाचा न्हाई. पण मधली फळी थकली. माझा गुडघा तुम्हाला ठावं हायच. पलीकडच्या पेठेनं बाहेरनं पोरं आणल्यात, ती हरणागत पळत्यात. आपल्या हातात अजून एक सीझन आसंल. एकच. पुढच्या वर्षी ही टीम ऱ्हाणार न्हाई.”

“मग खेळा की एक सीझन.”

“गोलकीपर पायजे त्याला. दौलत पायजे.”

“दौलत कुठं चाललाय?”

“गोव्याला. तिथल्या एका कंपनीच्या टीमात घेत्यात त्याला, नोकरीबी देत्यात. उद्या हो का न्हाई कळवायचंय.” रणधीर जरा थांबला. “गेल्या सालीबी बोलावलं होतं. तवा मी म्हणालो, थांब, औंदा कप आपलाच. थांबला. त्याच्या आदल्या सालीबी तसंच.”

“आन् आपण हरलो.”

“फायनलला हरलो,” रणधीर म्हणाला. ही दुरुस्ती तो सगळ्यांनाच करत असे. ओळीनं तीन फायनल हरलेल्या माणसाला तेवढा हक्क असतो.

वस्तादांनी ताकाचं भांडं बाजूला सरकवलं.

“काल त्यानं तोंडावर इचारलं. म्हणाला, तू चान्स हाय म्हण, मी थांबतो. न्हाई म्हण, मी जातो. माझ्या शब्दावर बसलाय त्यो, वस्ताद. बायको दवाखान्यात, आज-उद्या बाळंत व्हायची. आन् ह्यो माझ्या शब्दावर बसलाय.”

“मग तुजा शब्द माझ्याकडं कशाला मागायलायस?”

रणधीर आखाड्याच्या कट्ट्यावर बसला.



दारात कुणीतरी चप्पल काढली. दौलत आत आला. उंचापुरा गडी, दारातून शिरताना सवयीनं वाकणारा. हातात जिलबीचा पुडा होता आणि डोळे जागरणानं लाल झाले होते.

“वस्ताद, मुलगी झाली. पहाटं.”

“दोघी बऱ्या हाईत?”

“बऱ्या हाईत.”

वस्तादांनी मातीचे हात धोतराला पुसले, जिलबी घेतली, कपाळाला लावली, मग खाल्ली. रणधीरनं उठून दौलतला मिठी मारली. मिठी मारताना त्यानं डोळे मिटून घेतले होते. उद्याचं उत्तर आता त्याला आणखी जड झालं होतं.

वस्ताद दौलतकडे निरखून बघत होते.

“कपाळ कोरडं का रं तुजं?”

दौलत हसला, पण नजर रणधीरकडे गेली. रणधीरनं खाली पाहिलं.

इथं बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. पहिली फायनल हरलो, त्या संध्याकाळी रणधीरनं आखाड्याची माती मुठीत घेऊन शपथ घातली होती. स्वतःला नव्हे, पेठेला. कप येईस्तोवर जुना हौद पेठेत गुलाल उडणार नाही. फायनलसाठी पोतं भरून आणलेला गुलाल त्यानं तालमीच्या माळ्यावर टाकला. सगळ्यांच्या अंगावर काटा आला, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. कोल्हापूरच्या माणसाला कुणी शपथ घातली की ती कशासाठी, हे तो नंतर विचारतो.

त्यानंतर पेठेत जे चाललं, ते आम्हालाच माहीत. गणपती विसर्जनाला आमची पोरं पांढऱ्या सदऱ्यात जायची आणि पांढऱ्या सदऱ्यातच परत यायची. शेजारच्या पेठेनं आमचं नाव धोबीघाट ठेवलं. चैत्रात जोतिबाला गेलेली माणसं नखशिखांत गुलाबी होऊन येतात, ती आमच्याकडं आधी पंचगंगेवर डोकी धुवायची आणि मगच पेठेत पाऊल टाकायची. आमच्यातला एक जण नगरसेवक झाला, तो निकालाच्या दिवशी असा कोरडा घरी आला की त्याच्या आईला वाटलं पडला. ती रडायला लागली. दौलतची वरातही अशीच निघाली, हलगी होती, फुलं होती, आणि पाहुणे एकमेकांना विचारत होते की घरात कुणी गेलंय का.

कुणी कुरकुरलं नाही. आज ना उद्या कप येणारच होता.

“शपथ हाय वस्ताद,” दौलत हळूच म्हणाला. “कप आल्यावर एकदमच लावू सगळं. लग्नाचं, पोरीचं...”

“तवर पोरगी मॅट्रिक हुईल.”

दौलतला हसू आलं, ते त्यानं गिळलं.

रणधीरचा चेहरा उतरला होता. “शपथ तुमच्यासमोर घेतली होती,” तो वस्तादांना म्हणाला. “ह्याच मातीत. तवा तुमी अडवलं न्हाई.”

“तू इचारलं न्हाईस.”

“आज इचारलं आसतं तर?”

“आज तू दुसरंच इचारत आलास.”

वस्तादांनी खोरं भिंतीला टेकवलं. मग माळ्याकडे बोट केलं.

“काढ खाली.”

रणधीर हलला नाही.

“मी चढू? माजं वय हाय व्हय चढायचं?”

रणधीर शिडीवर चढला. पोतं खाली यायला वेळ लागला, कारण गुलालाचा दगड झाला होता. तीन पावसाळ्यांची ओल त्यानं प्यायली होती. दौलतनं खालून धरलं. आखाड्याच्या कडेला ठेवताना पोत्याची शिवण उसवली आणि गुलाबी ढेकळं मातीत घरंगळली.

वस्तादांनी एक ढेकूळ उचललं, दोन्ही तळहातांत चुरलं आणि पूड रणधीरच्या ओंजळीत ओतली.

“लाव त्याला.”

“वस्ताद...”

“बाप झालाय त्यो. लाव.”

“शपथ मोडली तर कप जाईल.”

“कप कुठं हाय?”

रणधीर ओंजळीतल्या गुलालाकडं बघू लागला.

“इचारतोय मी. कुठं हाय कप?”

“...न्हाई आपल्याकडं.”

“मग जाईल कुठनं?”

 दौलत रणधीरसमोर उभा होता, हात खाली सोडून. पेनल्टीच्या वेळी उभा राहतो तसा नव्हे. त्याला काहीच अडवायचं नव्हतं.

“दौल्या,” रणधीर म्हणाला.  “मला ठावं न्हाई रं. चान्स हाय का न्हाई, मला खरंच ठावं न्हाई. गेल्या सालीबी ठावं नव्हतं. त्याच्या आदल्या सालीबी नव्हतं. मी आपलं म्हणत गेलो.”



“मला वाटायचंच,” दौलत म्हणाला.

“मग थांबलास कशाला?”

“तू येवढं म्हणायलास, मग जायाचं कसं?”

रणधीरनं ओंजळ वर केली आणि दौलतच्या कपाळाला, गालांना, डोक्याला गुलाल लावला. भरभरून लावला. वरातीचा लावला, पोरीचा लावला. दौलतनं डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि तो हसत होता. मग त्यानं वाकून एक ढेकूळ उचललं आणि रणधीरच्या डोक्यावर फोडलं.

“जाऊ मी?” दौलतनं विचारलं.

“जा.”

“खरंच?”

“जा म्हणतोय न्हवं. पोरीला घेऊन जा. समुद्र दाव तिला.”

दौलतचा जीव भांड्यात पडला. ते त्याच्या खांद्यांवरून दिसलं. पण खरा मोकळा झाला तो रणधीर. तो कट्ट्यावर बसला आणि रडायला लागला, आणि रडता रडता हसायला लागला. गुलाल गालांवरून ओघळून त्याच्या शर्टावर आला. किती वर्षांनी त्याला श्वास पोटापर्यंत जातोय असं वाटलं. उद्या सकाळी उठून कुणाला काही पटवायचं नव्हतं. कुणाला थांब म्हणायचं नव्हतं.

वस्ताद सांडलेला गुलाल खोऱ्यानं मातीत मिसळत होते.

एवढ्यात दारावरून आक्काताई कारेकर चालल्या होत्या, हातात भाजीची पिशवी. दोन गुलाबी बाप्ये बघून त्या जागीच थबकल्या.

“आगं बाई... कप आला?”

“न्हाई आक्का,” दौलत म्हणाला. “मुलगी झाली मला.”

आक्काताईंनी रणधीरकडं बघितलं. मग पोत्याकडं. मग वस्तादांकडं.

“म्हंजे चालतंय आता?”

“चालतंय,” वस्ताद म्हणाले.

“मग आदी सांगायचं न्हाई व्हय. माज्या नातवाचं लगीन कोरडंच केलं मी.” त्यांनी पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली, आत येऊन मूठभर गुलाल घेतला. दौलतच्या कपाळाला लावला. थोडा पदराच्या टोकात बांधला, नातवासाठी. जाताना रणधीरच्या गालावरही एक बोट ओढलं. “तूबी दमलास रं बाबा,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पुढं काय झालं असेल ते पेठेत राहणाऱ्याला सांगायला नको. आक्काताई कोपऱ्यावर पोचायच्या आत बातमी त्यांच्या पुढं गेली होती. ज्याच्या घरी काही ना काही राहून गेलं होतं तो आला. नगरसेवक आला, आईला घेऊन आला, आणि तिच्या हातून गुलाल लावून घेतला. ज्याचा पोरगा पोलिसात लागला होता तो आला. ज्याच्याकडं कारण नव्हतं तोही आला. कुणीतरी हलगी आणली. तालमीच्या दारात, भर दुपारी, हरलेल्या संघाच्या पेठेत गुलाल उडाला. शेजारच्या पेठेची दोन पोरं सायकल थांबवून बघत होती. त्यांना कळेना आम्ही काय जिंकलो. आम्हालाही सांगता आलं नसतं.

माणसं पांगली तेव्हा आखाडा गुलाबी झाला होता. दौलत दवाखान्यात गेला होता, तसाच, न धुता. मागं फक्त रणधीर आणि वस्ताद उरले.

रणधीरनं चेहरा हातरुमालानं पुसायचा प्रयत्न केला. रंग नुसता पसरला. मग त्यानं नाद सोडला.

तो उठला, पाया पडला, दारापर्यंत गेला. तिथं थांबला.

वस्तादांना ते अपेक्षितच असावं. ते खोऱ्यावर हात ठेवून वाट बघत होते.

“वस्ताद... दौलत तर गेला. मी आन् माजा गुडघा, आन् ती नवी पोरं. एक बोलू? आता भ्या वाटत न्हाई. पण तरी... चान्स हाय का आपला?”

वस्तादांनी रिकामं पोतं उचललं. उलटं करून झटकलं. त्यातून काही पडलं नाही.

“ह्यो तर संपला,” ते म्हणाले. “जिंकलास, तर नवा आणाय लागंल.”