न पुकारलेलं नाव

पूर्वी कुंभवती नगरात धृतिमान राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका भाटाच्या घरी जन्मला. त्याचं नाव मंजुघोष. राजा सिंहासनावर बसला, की त्याची बिरुदं पुकारायची, हे त्याचं रोजचं काम.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नव्हता. लोक झाडांच्या साली शिजवून खात होते. राजाचं कोठार मात्र भरलेलं होतं आणि त्याला कुलूप होतं. वडिलांच्या वर्षश्राद्धाला मोठं अन्नदान करायचं, असं राजानं मनाशी धरलं होतं. वडिलांवर त्याची खरोखर माया होती.

एके सकाळी बोधिसत्त्वानं नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि तो पुकारू लागला. शत्रुंजय, सत्यवचन... पुढचं बिरुद होतं प्रजापालक. तिथे तो थांबला. ते नाव उच्चारायला लागेल तेवढा वेळ गप्प राहिला आणि त्यापुढची बिरुदं म्हणू लागला.

पंखा हलवणाऱ्या दासीचा हात थांबला.

कुलूप घालायचा सल्ला देणारा कोठाराचा अधिकारी सोमिल हसला. "म्हातारपणी माणसांचे दात पडतात. आमच्या भाटाची बिरुदंच पडायला लागली."

"विसरलास का, मंजुघोषा?" राजानं विचारलं.

"नाही, महाराज."

राजा ओरडला. "उद्या ते नाव आलं नाही, तर जीभ छाटीन."

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व स्नान करून, धुतलेलं वस्त्र नेसून आला. आदल्या दिवसापेक्षा जास्त वाकला. त्यानं बिरुदं पुकारली. त्या एका जागी पुन्हा शांतता. मग तो सिंहासनासमोर गुडघे टेकून बसला आणि त्यानं जीभ बाहेर काढली.

सेवक सुरी घेऊन पुढे आला. राजानं हात वर करून त्याला थांबवलं.

"एवढं काय आहे रे त्या नावात?" शेवटी त्यानं विचारलं.

"महाराज, घोडा लंगडा झाला, तरी त्याला घोडा म्हणता येतं. राजाचं तसं नाही. त्याला आपलं नाव वागून दाखवावं लागतं. थोरल्या महाराजांनी मागच्या दुष्काळात कोठार उघडलं, त्या दिवशी माझ्या वडिलांनी हे बिरुद पहिल्यांदा पुकारलं. कुलूप घातलेल्या कोठारापुढे मी तेच पुकारलं, तर थोरल्या महाराजांचा अपमान होईल. त्यापेक्षा जीभ गेलेली बरी."

राजा सिंहासनावरून खाली उतरला. वडिलांनी ज्यांना लेकरं मानलं, त्यांच्याच तोंडचा घास काढून तो वडिलांचं श्राद्ध घालणार होता.

त्यानं सोमिलपुढे हात केला. "किल्ल्या दे."

श्राद्धाच्या दिवशी कोठार रिकामं होतं. राजानं तीळ आणि पाणी अर्पण केलं. बोधिसत्त्व बिरुदं पुकारू लागला. ती जागा जवळ आली, तशी राजानं मान खाली घातली.

या वेळी नाव आलं.

एवढं सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोरच्या भिक्षूकडे वळले. त्याच्या झोळीत त्या सकाळी चिवरांचा, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांचा, साठा सापडला होता. "तो राजा म्हणजे तू. साठवायला शिकवणारा, तुझ्या शेजारी बसलेला हा सोबती म्हणजे सोमिल. आणि तो भाट मी होतो."

भिक्षूनं झोळी तिथेच खाली ठेवली.

घेतलेल्या नावाशी आपलं वागणं खरं ठेवणं, हीच सत्यपारमिता.