तळाची मूठ

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे संगणकांना अजून पाठीमागे पोट होतं तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाचं नाव विचारू नका. नाव सांगितलं की कुणीतरी लगेच म्हणतं, तिथे माझी मावशी राहते, तिथे असलं काही झालं नव्हतं. मग गोष्ट राहते बाजूला आणि मावशीच सुरू होते.

त्या गावात चावडीला लागून सगुणाबाईचं दुकान होतं. गावातला पहिला संगणक तिचा. लग्नाच्या पत्रिका, दाखल्यांचे अर्ज, जत्रेची पत्रकं, सगळं ती टाइप करून छापून द्यायची. तो संगणक सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की माणूस तेवढ्यात चहा पिऊन कप विसळून ठेवी. हल्ली पडद्यावरचं चाक जरा फिरलं की तुमचं डोकं फिरतं. तेव्हा त्या वेळात लोक एकमेकांची विचारपूस करायचे. फार बरं वाटायचं हो ते, आता काय सांगू.

सगुणाबाईचे वडील, सगळ्यांचे आबा, गावचे कोतवाल होते. दवंडी पिटायचं काम त्यांचं. पाणी येणार नसलं, लस टोचणारे आले, कुणाचं जनावर हरवलं, की आबा गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे आणि आवाज लावायचे. त्या आवाजात अशी काही जादू होती, की भांडणारी माणसंसुद्धा भांडण थांबवून ऐकायची आणि मग पुढे भांडायची.

एकदा शहरातून कुणी पाहुणा आला होता. त्यानं सगुणाबाईच्या संगणकाला माइक जोडला आणि आबांना म्हणाला, "म्हणा काहीतरी." आबांनी आदल्या दिवशीचीच दवंडी म्हटली. "ऐका हो ऐका ऽ! गणू सुताराची तांबडी गाय हरवली आहे हो ऽ! दिसेल त्यानं चावडीपाशी आणून बांधावी हो ऽ!" गाय खरं तर तोवर सापडून गोठ्यात रवंथ करत बसली होती. पण दवंडी संगणकात राहिली. पाहुणा गेला, तो कुठला होता हेही कुणी विचारून ठेवलं नाही. पुढच्या वर्षी आबा गेले.

तेव्हापासून दुकान बंद करायच्या आधी सगुणाबाई रोज ती दवंडी लावायची. पडद्यावर 'आबा' नावाची एक पेटी होती, ती उघडायची आणि डोळे मिटून बसायची. संध्याकाळी दुकानासमोरच्या पारावर बसलेली म्हातारी माणसं म्हणायची, "गणूची गाय हरवली वाटतं आज पुन्हा." आणि सगळे गप्प होऊन ऐकायचे. बापाचा आवाज एवढाच तिच्यापाशी उरला होता. तिच्याजवळ त्यांचा साधा फोटोही नव्हता.

मग संगणकाला कीड लागली. शहाणे लोक तिला व्हायरस म्हणतात, गाव कीडच म्हणायचं, आणि गावाचंच बरोबर होतं. आधी बाण आपोआप पळू लागला. मग एका लग्नपत्रिकेत नवरीच्या नावाखाली भलत्याच लिपीतल्या दोन ओळी छापून आल्या. वरपक्षानं विचारलं, हे कोणत्या कुळाचं नाव? सगुणाबाईनं संगणकाला लिंबू-मिरची बांधली. कीड काही ती पाहून पळाली नाही.

बाजारच्या गावाहून फैयाजभाईंना बोलावलं. हे गृहस्थ रेडिओपासून मोटरपंपापर्यंत सगळं दुरुस्त करत. बोलणं थोडं, हात सावकाश. त्यांनी औषधाची चकती घालून कीड मारली. आठवडी बाजार उलटायच्या आत ती परत आली. पुन्हा मारली, पुन्हा आली.

"ताई," फैयाजभाई म्हणाले, "वरवर झाडून हे जायचं नाही. ही भिंतीत शिरली आहे. अख्खी डिस्क पुसून कोरी करावी लागेल. नवा श्रीगणेशा."

"अख्खी म्हणजे?"

"अख्खी म्हणजे अख्खी. तुमच्या डिस्कच्या दोन खोल्या आहेत, सी आणि डी. दोन्हींवर फॉरमॅट मारायचा. आत काही जपायचं असेल तर आधी सांगा. काही ना काही तोड काढू."

आबांची पेटी डी खोलीत होती. सगुणाबाई मनात म्हणाली, सांगितलं तर हा माणूस म्हणेल, त्यातही कीड असेल, पुसा. आणि आबा पुसायचे? तिनं सांगितलंच नाही.

"डीमध्ये काही नाही हो," ती म्हणाली. "जुने पत्रिकांचे नमुने आहेत. पण ती खोली राहू द्या."

"का?"

"आमची आई सांगायची, कणगी कधी तळापर्यंत खरवडू नये. मूठभर दाणे राहू द्यावे. पार रिकामी केली तर बरकत जाते घराची."

फैयाजभाई हसले. त्यांच्या हातातला पेचकस थांबला. "आमची अम्मीही पिठाच्या डब्यात मूठभर पीठ ठेवायची. डबा पालथा केला की रागवायची." मग जरा विचार करून म्हणाले, "पुसलेलं बरं होतं. पण नुसते नमुने असतील तर राहू द्या."

बघा, कसं असतं. दोन घरं वेगळी, दोन आया वेगळ्या, आणि मूठ एकच. त्या मुठीची आठवण दोघांनाही इतकी गोड वाटली, की कामात न चुकणारा माणूससुद्धा तिथे चुकला. सी खोली कोरी झाली, डी तशीच राहिली.

संगणक नव्यासारखा धावू लागला. सगुणाबाईनं त्या संध्याकाळी 'आबा' पेटी उघडली, दवंडी ऐकली, पदराला डोळे पुसले. तिला कुठून कळणार, की कीड तिथेच बसली होती? किडीनं आबांची खरी पेटी लपवून टाकली होती आणि तिच्याच नावाची, तिच्याच रूपाची तोतया पेटी पुढे मांडली होती. ती उघडली की आधी कीड जागी व्हायची आणि मग दवंडी वाजायची. सगुणाबाई रोज आपल्या हातानं तिला उठवत होती.

वार्षिक निकाल छापायचे होते, म्हणून शाळेचे मुरकुटे मास्तर पेन ड्राइव्ह घेऊन आले. निकाल छापून झाले. पेन ड्राइव्हबरोबर कीडही शाळेत गेली. शाळेच्या संगणकात मास्तरांनी पोरांची चित्रं जपून ठेवली होती. वर्षानुवर्षं पोरांनी काढलेली चित्रं त्यांनी एकदा बाजारच्या गावी नेऊन संगणकात भरून आणली होती. मूळ कागद त्यानंतर उंदरांनी आणि पावसानं खाल्ले होते. ज्यांनी ती काढली ती पोरं आता बाप झाली होती, आणि आपल्या पोरांना शाळेत सोडायला आली की मास्तरांना म्हणायची, "मास्तर, माझा बैल दाखवा ना." मग तो पाच पायांचा बैल बघून बाप-लेक दोघं हसायचे. कीड त्या चित्रांत शिरली आणि एकूण एक खाऊन गेली.

मास्तर दुकानात आले. ते तापट म्हणून गावात प्रसिद्ध होते, पण त्या दिवशी खुर्चीवर नुसते बसून राहिले.

"सगुणाबाई, कीड तुमच्याकडूनच आली का, ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "भांडायला आलो नाही. वाईट एवढंच वाटलं, की त्यात एक आबांचं चित्र होतं. तिसरीतल्या कुणीतरी काढलेलं. हातात डफ, एवढं मोठं तोंड, आणि तोंडातून अक्षरं बाहेर पडतायत. तुम्हाला छापून द्यायचं म्हणून मी कैक वेळा ठरवलं. राहूनच गेलं."

बापाचं एकुलतं एक चित्र या गावात होतं, आणि ते सगुणाबाईनंच किडीला खाऊ घातलं होतं. मास्तर गेल्यावर तिनं धावत 'आबा' पेटी उघडली. दवंडी वाजली नाही. पुन्हा उघडली. किडीनं शेवटी तीही सोडली नव्हती.

फैयाजभाई आले तेव्हा तिनं सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. ते पुष्कळ वेळ खटपट करत राहिले. शेवटी हात मांडीवर ठेवून म्हणाले, "आवाज गेला, ताई. आत नुसतं टरफल आहे."

"पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर?"

खोटं बोलून धीर देणं त्यांना जमलं नाही. "तर मी इथे टेपरेकॉर्डर आणून ठेवला असता. दवंडी मोठ्यानं लावली असती आणि कॅसेटवर भरून घेतली असती. आवाज हवेतून जातो, कीड नाही जात. पण मीही विचारायला हवं होतं. मुठीच्या गोष्टीला मी भुललो."

सगुणाबाई रडली. तिथेच, परक्या माणसासमोर, पोरीसारखी रडली. मग तोंडावर पाणी मारून आली आणि म्हणाली, "पुसा. दोन्ही खोल्या. कण ठेवू नका."

संगणक कोरा झाला. पण फैयाजभाई म्हणाले, "अजून संपलं नाही. तुमच्याकडून ज्यानं ज्यानं काही भरून नेलं, त्या प्रत्येकाकडे कीड गेली असेल. सगळ्यांनी आपापलं इथे आणून पुसून घ्यायला हवं. नाहीतर त्यातलाच कुणीतरी उद्या पुन्हा इथे घेऊन येईल."

"सगळ्या गावाला कसं कळवणार?" असं म्हणता म्हणता ती थांबली. त्या गावात सगळ्यांना कळवायची एकच रीत होती, आणि आबा गेल्यावर ती बंद पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई पितळी ताट आणि लाटणं घेऊन बाहेर पडली. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. तोंड उघडलं तर आवाज चिरका निघाला. "ऐका हो ऐका. माझ्या दुकानातून कीड पसरली आहे. चूक माझी आहे. ज्यानं काही नेलं असेल त्यानं पुसून घ्यायला आणावं हो."

ओट्यावर निवडत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "अगं, पहिल्या 'ऐका'वर जोर नाही द्यायचा. दुसऱ्यावर द्यायचा."

पुढच्या गल्लीत न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला, "आबा 'हो'च्या आधी श्वास घ्यायचे बरं का. नाहीतर 'हो' पुरत नाही." तिसरीकडे गणू सुतार गोठ्यातून ओरडला, "मान वर कर! ते आभाळाकडे बघून म्हणायचे." चुकीबद्दल कुणी बोललं नाही, मास्तरांचं नाव कुणी काढलं नाही, नुसता सूर सुधारत राहिले. प्रत्येकाच्या कानात आबांचा एकेक तुकडा होता, आणि तो त्यांनी तिला देऊन टाकला.

शेवटची गल्ली शाळेची. तिथे सगुणाबाईनं मान वर केली, श्वास घेतला आणि आवाज लावला. वर्गातली पोरं खिडकीशी धावली. मुरकुटे मास्तर खडू हातात धरून तसेच उभे राहिले, आणि दवंडी संपेपर्यंत फळ्याकडे वळले नाहीत. तिच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. मग ती पारावर जाऊन बसली आणि लोक आपापली किडलेली सामग्री घेऊन येईपर्यंत तिथेच थांबली.

म्हणून लहानथोरांनो, बरकतीची मूठ जरूर ठेवावी, पण निवडलेल्या धान्याची. किडलेल्या कणगीतली मायेनं राखलेली मूठ म्हणजे किडीचंच बियाणं.