जनूची बाजू

“सांगा आप्पा, असल्या जोडीदाराबरोबर मी परत पाण्याखाली जाऊ कसा?”

विद्याधरने हे तिसऱ्यांदा विचारलं.

आप्पा खवणेकरांनी हातातल्या मास्कचा जुना रबरी पट्टा ओढून काढला, उजेडात धरून बघितला, आणि बाजूला टाकला.



उंडीच्या झाडाखाली फळी टाकून म्हातारा समुद्राकडे तोंड करून बसला होता. वय शहात्तर. मालवणच्या किनाऱ्यावर आज जे स्कूबाचे पाणबुडे आहेत, त्यातले निम्मे तरी या माणसाच्या हाताखालून गेलेले. विद्याधर त्या सगळ्यांत पहिल्या नंबरचा. म्हणजे असं तो स्वतःच सांगायचा. पण अकरा वर्षांपूर्वी ते खोटंही नव्हतं.

मधली अकरा वर्षं त्याने कोल्हापुरात गोदामाच्या ऑफिसात काढली होती. पाण्यात पाय घातला नव्हता.

सकाळच्या पहिल्या होडीतून उतरून तो आला तेव्हा आप्पांनी मान वर करून बघितलं. “इलंस?” म्हणाले, आणि आपल्या उजव्या हाताने फळी थोपटली. विद्याधर वाकून पाया पडला आणि वळसा घालून डावीकडे जाऊन बसला. पूर्वी रोज तिथेच बसायचा. आपोआप पाय तिकडे वळले.

बसल्यापासून बोलतोच आहे.

“नऊ मीटर खोल होतो फक्त. पाणी स्वच्छ. आमच्या वेळी याहून गढूळ पाण्यात मी आणि जनू डोळे मिटून फिरायचो. आणि ही बाई नऊ मीटरवर मला सोडून गेली.”

आप्पांनी नवा पट्टा खाचेत ओवायला घेतला.

“डावीकडे वळून बघतो तर कोणी नाही. नुसतं हिरवं पाणी. काय वाटलं असेल मला?”

पट्टा खाचेत अडकला. आप्पांनी तो परत काढला.

काय वाटलं, ते विद्याधरने सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली. छातीत धडधड सुरू झाली होती, तोंडातून बुडबुडे कढईतल्या उकळीसारखे सुटायला लागले होते, आणि मनात एकच आलं होतं की जनू गेला. जनू अकरा वर्षांपूर्वीच गेलाय, हे त्याला पाण्याखाली नऊ मीटरवर नव्याने कळलं होतं.

जनार्दन सारंग. चौदा वर्षं त्याचा जोडीदार. चौदा वर्षं डावीकडे. मान वळवली की तिथे जनूच्या पायातला पिवळा फिन दिसायचा. पाण्याने त्याला कधी काही केलं नाही. दुपारचा जेवून ओटीवर बसला, बायकोला म्हणाला जरा पाणी दे, आणि ती तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत आटोपलं होतं.

विद्याधरने दुसऱ्या दिवशी आपले फिन धुऊन माळ्यावर टाकले होते.

“मी थकलो आप्पा,” तो म्हणाला. हे मात्र खरं होतं. “चोपन्न वर्षांचा झालो. सूट चढवतानाच दम लागतो. गोदामात बसून बसून कंबर गेली. वाटलं होतं, एक गोष्ट तरी आयुष्यात धड येत होती, ती परत करून बघू. तीही राहिली नाही.”

आप्पा समुद्राकडे बघत होते.

विद्याधरला वाटलं, म्हातारा मुद्दाम गप्प आहे. आप्पांची ही खोडच होती. पूर्वीही चूक केली की ते तासन्‌तास मूग गिळून बसायचे, आणि आपली आपल्याला चूक कळेपर्यंत आपण घामाघूम. म्हणजे आताही चूक माझीच धरली आहे तर यांनी. ती काल आलेली पोर बरोबर, आणि मी चूक!

तो उठला. पिशवीतून पाण्यात खाली नेणारा शिशाच्या वजनांचा बेल्ट काढला. वीस वर्षांपूर्वी आप्पांनीच दिलेला. तो त्याने आप्पांच्या डाव्या पायाशी वाळूत ठेवला.

“घ्या. हे तुमचं तुम्हाला. अकराची होडी माझ्याशिवाय जाऊ दे. आज नाही तर परत कधीच नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण पुरे झालं.”

वजनं वाळूत रुतली. आप्पांनी मान वळवली नाही.

विद्याधरचे डोळे भरून आले. निदान राहा म्हणायचं होतं. नाहीतर जा म्हणायचं. चौदा वर्षं ज्याच्या शब्दावर पाण्यात उडी टाकली, त्याने एका शब्दाचीही किंमत ठेवू नये? तो पुन्हा मटकन खाली बसला. 

तेवढ्यात यामिनी आली.

यामिनी तोरसकर, त्याची नवी जोडीदार. तिशीची असेल. केस अजून ओले, हातात चहाचे दोन ग्लास. एक तिने विद्याधरपुढे धरला. त्याने घेतला नाही, तेव्हा त्याच्या पायाशी ठेवला. मग ती पलीकडून जाऊन आप्पांच्या उजव्या बाजूला बसली आणि दुसरा ग्लास त्यांच्या हातात दिला.

“वर येताना कान दुखले काय गो?” आप्पांनी विचारलं.

“नाय,” ती हळूच म्हणाली. आवाज इतका बारीक की विद्याधरला कान द्यावा लागला.

“खंय होतंस तू?”

“त्येंच्या उजव्या खांद्याकडे. पयल्यापासून.”

“मगे?”

“दोनदा हात लावलंय खांद्याक. त्येंनी झटकल्यानी. मगे ते डावीकडे गेले ते गेलेच. मी मिनिटभर बघितलंय, आणि सावकाश वर इलंय. तुमी शिकवल्यात तसा.”

आप्पांनी चहाचा घोट घेतला.

विद्याधरचा हात नकळत उजव्या खांद्यावर गेला. काहीतरी लागलं होतं खरं. दोनदा. त्याला वाटलं होतं, हवेची नळी. नळीच असणार म्हणून त्याने खांदा झटकला होता. त्या बाजूला माणूस असेल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मिनिटभर शोधावं, नाही दिसलं तर सावकाश वर यावं. आप्पांचा पहिल्या दिवशीचा धडा. त्याने स्वतः किती जणांना घोकून घेतला होता. आणि आज तो एकाच बाजूला शोधत राहिला होता, आणि मग धडपडत वर आला होता, जोडीदाराला खाली टाकून. वर येऊन तिच्यावरच ओरडला होता, सगळ्या होडीसमोर.

आणखी एक आठवलं. उडी मारण्यापूर्वी तिने त्याच्या बेल्टचं बक्कल ओढून बघितलं, हवेचा काटा बघितला, आणि विचारलं होतं, “तुम्ही कुठल्या बाजूला राहणार, काका?” हाही आप्पांचाच नियम. बाजू ठरवल्याशिवाय पाण्यात पाय नाही. तो म्हणाला होता, “मला नको शिकवू. खाली गेल्यावर बघू.”

जनूबरोबर हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

तोंड कडू झालं. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. तो अर्धा तास जीव तोडून बोलला, तर म्हाताऱ्याने हूं की चूं केलं नाही. आणि ही बाई तोंडातल्या तोंडात पुटपुटली, तर लगेच उत्तर!

तो उठून आप्पांच्या समोर जाऊन उभा राहिला. समुद्र त्याच्या पाठीमागे गेला.

“आप्पा, मी इतका वेळ कोणाशी बोलत होतो?”

आप्पांनी मास्क मांडीवर ठेवला. त्याच्याकडे नीट बघितलं. सकाळी आल्यावर बघितलं होतं, त्यानंतर आत्ता पहिल्यांदा.

“बोलत होतंस?”



आप्पांनी पुन्हा उजव्या हाताने फळी थोपटली. सकाळी थोपटली होती, तशीच.

“हय येवन बस, विद्याधरा. डावो कान जावन सात वर्सां झाली.”

यामिनी उठून थोडी पलीकडे सरकली. दोघांच्या मध्ये एका माणसापुरती फळी मोकळी झाली.

विद्याधर तिथे बसला. बसताना गुडघे वाजले. पलीकडच्या बाजूला, वाळूत, बेल्ट पडलेला दिसत होता, आणि त्याच्याशेजारी निवलेला चहा. इथून समुद्र थोडा वेगळा दिसत होता. खडकांची रांग, जी तो इतकी वर्षं झाडाच्या बुंध्यामुळे अर्धीच बघत आला होता, ती पूर्ण दिसत होती.

“काय म्हणत होतंस?” आप्पांनी विचारलं. “आता सांग. पयल्यापासून.”

विद्याधरने तोंड उघडलं. मघाचं सगळं आठवून बघितलं. त्यातलं सांगण्यासारखं काही सापडेना.

होडीवाल्याने लांबून हाक मारली. अकरा वाजत आले होते.

“काय नाय, आप्पा,” तो म्हणाला. ज्या बोलीत तो अकरा वर्षांत कोल्हापुरात कोणाशी बोलला नव्हता, त्या बोलीत. “बेल्ट घेऊक इलंय.”

“मगे घे,” आप्पा म्हणाले, आणि मास्क उचलून पट्टा ओवायला लागले. “आणि खंयच्या बाजूक रवाचा, ता तिका इचार.”