नकाशात नसलेला ओढा

वडजी गावच्या कडेला बारा घरांची खासगी वसाहत व्हायची होती. नकाशा मंजुरीला आला तेव्हा हरकत घेणारी एकटी द्रौपदा खिलारे निघाली. तिचं घर वसाहतीच्या वरच्या अंगाला होतं. वसाहतीच्या जागेतून वाहणारा ओढा बुजवला, तर तुंबलेलं पुराचं पाणी तिच्याच उंबऱ्यातून आत येणार होतं.

सुनावणीला तहसीलदार उमरीकरांनी नकाशा टेबलावर पसरला.

"बाई, दाखवा बघू ओढा! कागदावर जे नाही ते जागेवर नसतं. तिथे ओढा कधी नव्हताच."

शेजारी बसलेला बिल्डर हसला. द्रौपदाने पिशवीतून घड्या पडलेला पंचनामा काढला आणि साहेबांपुढे ठेवला.

"साहेब, हाही कागदच आहे. दोन वर्षांमागं माझा मालक ओढ्याच्या पुरात वाहून मेला, असं यात लिहिलंय. खाली सही तुमची. ओढा नव्हताच, तर माणूस बुडाला कशात? तुमचा नकाशा खरा असेल, तर माझा मालक मला जिता आणून द्या."

उमरीकरांनी पंचनामा जवळ ओढून आपलीच सही पाहिली. मग त्यांनी मंजुरी थांबवली आणि ओढ्याची मोजणी करायचा हुकूम दिला.

आठवड्यानं मोजणीदार आला. "ओढा कुठवर धरायचा, बाई?" त्यानं विचारलं.

नवऱ्याचं प्रेत ज्या बाभळीला अडकलं होतं, तिथवर द्रौपदा चालत गेली आणि उभी राहिली.