एजंटसाहेबांची कुत्री-मांजरं

घाटमाथ्यावरच्या एका छोट्या संस्थानात भास्करपंत दुभाष्याचं काम करत. गोऱ्या एजंटसाहेबांचं इंग्रजी राजेसाहेबांना मराठीत सांगायचं. साहेब एकही वाक्य सरळ बोलत नसत, त्यामुळे पंतांचा जीव मेटाकुटीला आला होता.

एकदा भर दरबारात साहेब इंग्रजीत म्हणाले, "काल रात्री कुत्री-मांजरं पडली."

पंतांनी सांगितलं, "सरकार, काल मुसळधार पाऊस झाला."

साहेबांना थोडं मराठी कळत होतं. ते मोडक्या मराठीत कडाडले, "मी मुसळ म्हणालोच नाही, कुत्री-मांजरं म्हणालो! हा माणूस भलतंच सांगतो. काढून टाका याला!"

राजेसाहेब गोंधळले. "पण पावसात कुत्री-मांजरं आली कुठून?"

साहेब ऐटीत पुन्हा इंग्रजीत म्हणाले, "पूर्वी आमच्याकडे ती गवताच्या छपरावर झोपत. जोराचा पाऊस आला की घसरून खाली पडत."

हेही पंतांनाच मराठीत सांगावं लागलं. मग मात्र त्यांनी कपाळाला हात लावला.

"साहेब, गवताची छपरं आमच्याकडेही आहेत. पण पाऊस आला की इथलं मांजर चुलीपाशी येऊन बसतं. छपरावर भिजत बसण्याइतकं खुळं जनावर या मुलखात सापडेना, म्हणून मी मुसळं पाडली!"

राजेसाहेबांना हसू आवरेना. पंतांची नोकरी राहिली, आणि साहेब त्या दिवसापासून पावसाला नुसता पाऊस म्हणू लागले.